मुलगा बापाचा, मुलगी आईची: ही वाटणी कोणत्या कायद्यात आहे?

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की वस्तीत बैठक बसते. भांडी कोणाची, दागिने कोणाचे हे ठरते आणि त्याच ओघात मुलांचीही वाटणी होते. मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे. त्यानंतर सहा वर्षांचे पोर पुन्हा अंथरूण ओले करू लागते, पोट दुखते म्हणून शाळा चुकवते, पाठच्या बहिणीला शोधत फिरते. डॉक्टरांना दाखवावेच, पण पोटात काही सापडले नाही तर घरात काय बदलले तेही त्यांना सांगावे. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला.

अशी वाटणी कायद्यात कुठेच नाही. १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा नावाने हिंदूंचा असला तरी बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे करून पुढे जे कायदे झाले, त्यांतला हा एक. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे राहील, असे त्यात म्हटले आहे. नैसर्गिक पालक म्हणून मात्र त्यात आधी बाप, मग आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'मग' म्हणजे बाप मेल्यावरच असे नव्हे. बाप लक्षच देत नसेल तर तो हयात असतानाही आई पालक ठरते. तरी कायद्यातला तो क्रम अजून तसाच आहे, आणि तो बदलला पाहिजे असे आमचे मत आहे.

सर्वांत वर कलम १३ आहे: मुलाचे हित. भांडणात कोण खरे, कोणाची कमाई जास्त, यावर ताबा ठरत नाही. धुणीभांडी करणाऱ्या आईला वाटते, आपल्या पत्र्याच्या खोलीकडे बघून साहेब मूल काढून घेतील. पण केवळ गरिबीमुळे मूल जात नाही; बापाला खर्च द्यायला लावता येतो. आईने दुसरे लग्न केले, एवढ्यावरूनही तिचा हक्क संपत नाही. मुलाला शाळेत कोण सोडते, ताप आला तर रात्री कोण जागते, घरात दारू आणि मारहाण आहे का, हे न्यायाधीश बघतात. म्हणून लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचे कागद, शाळेचे प्रगतिपुस्तक सांभाळून ठेवा. आणि हे सगळे करणारा बाप असेल, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. तेही योग्यच.

मूल समजण्याइतके मोठे असेल तर न्यायाधीश त्याचेही ऐकतात, बऱ्याचदा आई-बापाला बाहेर बसवून. आदल्या रात्री पढवून पाठवलेले पोर तिथे चटकन ओळखू येते. पण ते ओळखू येते म्हणून नव्हे, तर आठ वर्षांच्या जिवाला आईविरुद्ध किंवा बापाविरुद्ध साक्ष पाठ करायला लावणे हीच मारहाण आहे, म्हणून ते करू नये.

आमची खरी तक्रार तारखांबद्दल आहे. निकालाला महिने, कधी वर्षे लागतात. तोवर मूल ज्याच्याकडे असते तिथे ते रुळते आणि मग रुळलेले मूल हलवायला न्यायालयही कचरते. त्यामुळे जो आधी उचलून गावी नेतो, त्याचे फावते. यावर उपाय एकच: निकालाची वाट न पाहता सुरुवातीलाच तात्पुरत्या ताब्याचा आणि भेटीचा अर्ज द्यावा. पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात होतो. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. घरात छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही बाईला मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो.

ताबा एकाला मिळाला तरी दुसऱ्याची भेट सहसा तुटत नाही. वार, वेळ, सुट्ट्या ठरवून मिळतात आणि परिस्थिती बदलली तर आदेशही बदलून मागता येतो. ठरलेल्या भेटीला मूल न पाठवणे पुढे आपल्याच अंगलट येते.

वकिलाच्या फीची भीती बाईने धरू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या पुरुषालाही तो मिळतो, आणि १९९० पासून त्यात बौद्धही आहेत. त्यांचा फोन १५१०० हा आहे. बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी समेट जरूर घडवावा. तो होत नसेल तर हा नंबर द्यावा आणि मुलांची वाटणी करायला बसू नये.