‘अविद्राव्य’ एवढे उत्तर पुरेसे आहे काय?

रसायनशास्त्राच्या तुमच्या वहीत दोन रकाने असतील. ‘विद्राव्य’ या रकान्यात मीठ, साखर, तुरटी, मोरचूद. ‘अविद्राव्य’ या रकान्यात वाळू, संगमरवर, अंड्याचे कवच. परीक्षेपुरती ही विभागणी सोयीची खरी. पण तेवढ्यावर थांबणे योग्य नाही, असे माझे मत आहे. का, ते दोन क्षारांच्या उदाहरणावरून पाहू.

बेरियम सल्फेट आणि बेरियम कार्बोनेट या दोन्ही पांढऱ्या भुकट्या. दोघींची जागा ‘अविद्राव्य’ याच रकान्यात. बेरियमचे आयन रक्तात गेले तर ते विषारी ठरतात. स्नायूंच्या व हृदयाच्या कार्यात बिघाड होतो. असे असूनही जठराचे क्ष-किरण चित्र घेण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला बेरियम सल्फेट पाण्यात कालवून पाजतात. बेरियम क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे जठराचा आकार चित्रात स्पष्ट उमटतो. मग विषबाधा कशी होत नाही? एक लिटर पाण्यात बेरियम सल्फेट जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते आणि जठरातील आम्लाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही. ते जसे आत जाते, तसेच बाहेर पडते.

आता बेरियम कार्बोनेट पाहा. साध्या पाण्यात तेही फारच थोडे विरघळते. परंतु जठरात नुसते पाणी नसते, हायड्रोक्लोरिक आम्लही असते. त्याच्याशी कार्बोनेटची अभिक्रिया होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते बेरियम क्लोराइड. ते पाण्यात सहज विरघळते! म्हणूनच उंदीर मारण्यासाठी बेरियम कार्बोनेट वापरले जाई. 2003 साली ब्राझीलमध्ये क्ष-किरण तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट मिसळलेले निघाले आणि अनेक रुग्ण दगावले. रकाना एकच, पण एक क्षार रोगनिदानाला उपयोगी आणि दुसरा जीवघेणा!

काही शिक्षक म्हणतील, “सुरुवातीला मुलांना सोपेच सांगावे लागते.” हे मान्य. पण सोपे सांगताना पुढचा प्रश्न विचारण्याची वाट बंद होता कामा नये. ‘विरघळतो की नाही?’ याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: किती विरघळतो? कशात विरघळतो? कोणत्या तापमानाला?

तिसरा प्रश्न कशासाठी? चुन्याची निवळी तुम्हाला ठाऊक आहे. एक लिटर पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 1.7 ग्रॅम विरी गेलेला चुना विरघळतो. 100 अंशांना मात्र निम्म्याहूनही कमी. तापवले की पदार्थ अधिक विरघळतो, हा नियमही सरसकट खरा नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा पडताळा घरीच घ्या. अंड्याच्या कवचाचा एक तुकडा पाण्यात व दुसरा लिंबाच्या रसात टाका. पाण्यातला तुकडा स्वस्थ पडून राहील. रसातल्या तुकड्यावर बुडबुडे येऊ लागतील. मग वहीतील ‘अविद्राव्य’ या शब्दापुढे ‘पाण्यात, अत्यल्प’ असे आपल्या हाताने लिहा. उत्तर थोडे लांबेल, पण ते अधिक खरे असेल.