सॅक घेताना आधी पाठ मोजा

आता तुम्ही म्हणाल, ट्रेकची सॅक कोणती घ्यावी हे डॉक्टरने कशाला सांगायचे? त्यासाठी दुकानदार आहेत, ट्रेकर मित्र आहेत. खरे आहे. पण ट्रेकवरून आल्यावर बोटांना मुंग्या येतात, खांद्यातून हात वर जात नाही, म्हणून तुम्ही येता ते आमच्याकडेच. चौकशी केली की कळते, सॅक मित्राची होती, किंवा सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली ७५ लीटरची होती.

एका दिवसाच्या ट्रेकला कोणतीही पाठपिशवी चालते. राजगडला सकाळी जाऊन संध्याकाळी उतरणाऱ्याने हा लेख सोडून दिला तरी हरकत नाही. प्रश्न येतो तो रतनगड ते हरिश्चंद्रगड, पन्हाळा ते विशाळगड किंवा हिमालयातला आठवडाभराचा ट्रेक करताना. तेव्हा पाठीवर १०-१२ किलो वजन असते आणि ते रोज सहा-सात तास तिथेच असते.

हे वजन खांद्यांनी पेलायचे नसते, हे आधी समजून घ्या. गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या मधल्या अरुंद जागेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा जातो. सॅकचे पट्टे नेमके तिथेच दाबतात. तासन् तास दाब राहिला की हात बधिर होतो, खांदा उचलण्याची ताकद जाते, कधी पाठीचे फावड्यासारखे हाड एका बाजूला बाहेर आलेले दिसते. वैद्यकीय भाषेत याला 'रकसॅक पाल्सी' असेच नाव आहे. सैनिकांमध्ये हा त्रास पूर्वीपासून नोंदलेला आहे. बहुतेकजण बरे होतात, पण त्याला काही आठवडे ते काही महिने लागू शकतात.

यावरचा उपाय म्हणजे सांगाडा. पूर्वी तो सॅकच्या बाहेर असायचा, नळ्यांच्या चौकटीसारखा. १९६७ साली ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने तो आत नेला. आजच्या सॅकमध्ये पाठीच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तारेची चौकट किंवा कडक प्लॅस्टिकचा पत्रा असतो. त्यामुळे सॅक खाली बसत नाही आणि बराचसा भार कमरपट्ट्यातून थेट कमरेच्या हाडावर उतरतो. मागचे वजन शरीराला चिकटून राहत असल्यामुळे अलंग-मदन-कुलंगसारख्या कड्याकपारीच्या वाटेवर तोलही जात नाही.

पण हा सांगाडा तुमच्या पाठीच्या मापाचा नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. आपले लोक चुकतात ते इथे. पाच फूट दहा इंचांचा मुलगा 'लार्ज' घेतो. उंची पायांत असते, पाठीत असेलच असे नाही! मापाची पद्धत सोपी आहे. मान पुढे वाकवा, मानेच्या तळाशी जो मणका ठळक हाताला लागतो तिथून सुरुवात करा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवा. अंगठ्यांना जोडणारी रेघ हा शेवट. मधले अंतर घरच्या कोणाकडून शिंप्याच्या टेपने मोजून घ्या. ४६ सेंटिमीटर आले तर ४६ला बसणारी सॅक घ्यायची. पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी मिळाली तर अधिक चांगले. वाढत्या वयाच्या मुलांना तर तीच घ्या. 'दोन वर्षांनी बसेल' म्हणून मोठी घेणे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, सॅकला नाही.

कमरपट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. तो पूर्ण आवळल्यावर पुढच्या दोन्ही गाद्या एकमेकींना टेकल्या, तर पट्टा मोठा आहे. बारीक चणीच्या मुलींना हा अनुभव नेहमी येतो. त्यांनी स्त्रियांसाठी बनवलेली सॅक आवर्जून घालून पाहावी. उलट पट्टा फार करकचून आवळला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात. घाबरू नका, पट्टा सैल करा.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात पाहण्याला अर्थ नाही. त्यात ८-१० किलो वजन भरा (दुकानात नसेल तर घरून पाण्याच्या बाटल्या न्या), सगळे पट्टे सैल करून आधी कमरेचा, मग खांद्याचा, शेवटी छातीचा असे आवळा आणि १५-२० मिनिटे चाला, जिना चढा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. हे करता येत नाही म्हणून पहिली सॅक ऑनलाइन मागवू नये, असे माझे ठाम मत आहे.

लीटर किती? सह्याद्रीत दोन-तीन दिवसांना ४०-५०, हिमालयात तंबूसकट ५०-६५. त्याहून मोठी घेतली की ती भरली जातेच. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. ६० किलोच्या माणसाने १२ किलो. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीत चार लीटर पाणी सोबत घ्याल तेव्हा त्यातले चार किलो तिथेच गेले.

टिकाऊपणाचे म्हणाल तर कापडाचा डेनिअर आकडा विचारा. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. अंगाला २१० चालेल, तळाला ४०० च्या पुढे हवा. शंभराच्या आसपासच्या हलक्या परदेशी सॅका आपल्या करवंदीच्या जाळ्यांसाठी नाहीत. बाजूचे जाळीचे खिसे तर पहिल्या ट्रेकला फाटतात, तिथे कापडी खिसे बघा. पट्टे सॅकला जोडले आहेत तिथे दाट आडवी शिलाई आहे का, जाड चेन आहे का, तेही पाहा.

पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीकडून आत येते. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरा. आणि घरी आल्यावर ओली सॅक माळ्यावर टाकू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आतला लेप चिकट होऊन सोलायला लागतो. सावलीत पूर्ण वाळवून मोकळी टांगा.

कंबरदुखी पायात उतरत असेल तर ट्रेक ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा. आणि सॅक उतरवून दोन दिवस झाले तरी हात बधिर असेल, तर पुढच्या शनिवारचा बेत रद्द करून लगेच दाखवा. हात उचलतच नसेल तर दोन दिवसही थांबू नका.