तुटक रेघ पुसू देऊ नका

पेणहून हेटवणे धरणाच्या बाजूला डोंगरात शिरलं, की डांबर संपल्याचं आधी हँडलला कळतं. मुरूम, मग सुटे दगड, मग ओढा. टायरची हवा थोडी कमी करायची, फूटपेगवर उभं राहायचं आणि गाडीला तिची वाट शोधू द्यायची. नागोठण्याला आंबा नदी ओलांडली की पुन्हा चढ. अवचितगडाच्या डोंगरापलीकडे कुंडलिकेच्या काठी रोहा. महामार्गाने हे काम फार तर दीड तासाचं. आम्हाला पुरा दिवस लागतो, आणि तो लागावा म्हणूनच आम्ही जातो.

पण या वाटा आमच्यासाठी झालेल्या नाहीत. नागोठण्याचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकातला. या मुलखातली ये-जा किती जुनी आहे, ते त्यावरून समजतं. आजही कातकरी आणि ठाकर वाड्यांतली माणसं याच वाटांनी बाजाराला येतात, गुरं याच वाटांनी रानात जातात.

गेल्या पावसाळ्यात एका खिंडीच्या तोंडाशी लोखंडी फाटक दिसलं. दोन्ही अंगांना तारेचं कुंपण, आत फार्महाऊसच्या प्लॉटची पाटी. आम्ही चरफडत गाड्या वळवल्या. मागून सरपणाची मोळी घेऊन आलेल्या बाईंना वळून जायला दुसरी वाटच नव्हती. काही न बोलता त्या कुंपणाच्या कडेने ओहोळात उतरल्या.

अशा ठिकाणी आपण भांडून उपयोग नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार शेतात किंवा कुरणात जायच्या वहिवाटीच्या वाटेत केलेला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात. मात्र दाद मागायची ती त्या वाटेने शेतात जाणाऱ्याने, हौशी स्वाराने नव्हे. आणि तीही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पावसाळा लावणीत जातो, दिवाळीपर्यंत कापणी. तेवढ्यात मुदत सरते.

आपल्याजवळ काय आहे? जीपीएसची नोंद. वर्षानुवर्षं, तारीख-वेळेसह, ही वाट चालू होती हे सांगणारी. फोनमध्ये पडून असलेले ते ट्रॅक आणि फोटो वाडीवरच्या माणसांच्या हाती द्या. गावनकाशावर अशा वाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. त्याची प्रत मिळवायला त्यांच्यासोबत जा. ग्रामसभेत विषय त्यांना मांडू द्या, आपण मागे बसू.

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. वाडीला डांबरी रस्ता हवा असेल, तर आपण नाक मुरडायचं नाही. आजारी माणसाला झोळीतून खाली आणावं लागतं तिथे आपल्या खडबडीत मजेची किंमत शून्य. वाट उघडी राहावी एवढंच आपलं मागणं. ती खडकाळच राहावी, हे नव्हे.

आणि ज्यांच्या आधारावर आपण उभे राहणार, त्यांना त्रास नको. फाटका सायलेन्सर बदला. वाडीतून पहिल्या गिअरमध्ये, हळू. भाताच्या बांधावर चाक घालायचं नाही, ऐन पावसात मऊ चढ उखडायचा नाही. मुरूड-रोह्याकडचं फणसाड 1986 साली अभयारण्य झालं. तिथला शेकरू पाहायचा तर परवानगी काढून, पायी.

या रविवारी निघाल तेव्हा जुना ट्रॅक सोबत ठेवा. नवं कुंपण दिसलं, तर त्याच दिवशी फोटो काढा आणि संध्याकाळ व्हायच्या आत जवळच्या वाडीत दाखवा.