कामाच्या अटी कामगाराच्या हाती द्या

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली व कल्याण येथील कंत्राटी कामगार बंधुभगिनींस, आणि ज्यांचे घर, कारखाना, इस्पितळ वा कचेरी त्यांच्या श्रमावर चालते त्या सर्व नागरिकांस जाहीर निवेदन

नागरिकहो,

आपण कोणते काम करणार, दिवसाचे किती तास करणार, त्याचा मोबदला किती आणि तो न मिळाल्यास दाद कोणाकडे मागायची, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या मनुष्याला काम पत्करण्यापूर्वी लेखी मिळत नाहीत, त्याच्या होकाराला संमती म्हणणे हा न्यायबुद्धीचा अधिक्षेप आहे. घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलाच्या फाटकाशी उभा असलेला सुरक्षा रक्षक, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांची पिंपे हलवणारा हेल्पर, उजाडण्यापूर्वी कल्याणचे रस्ते झाडणारी सफाई कामगार आणि वागळे इस्टेटमधील एखाद्या कचेरीत संगणकावर नोंदी भरणारी पदवीधर मुलगी, यांचे शिक्षण भिन्न, वय भिन्न, वेतन भिन्न. परंतु ज्याचे काम ते करतात तो आपणांस त्यांचा मालक म्हणवून घेत नाही, आणि जो मालक म्हणवतो त्याने कामाची जागा क्वचितच पाहिलेली असते, ही एक गोष्ट चौघांच्याही वाट्याला सारखीच आली आहे. या दोघांच्या मधल्या जागेत कंत्राटी श्रमिकाची फसवणूक घडते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलण्यासाठीच हे पत्रक काढले आहे.

फसवणुकीची रीत

तिचा आरंभ बहुधा एजन्सीच्या मेजापाशीच होतो. ड्यूटी आठ तासांची म्हणून सांगितली जाते. कामावर गेल्यावर ती बारा तासांची निघते, आणि जादा तासांचे वेतन दुप्पट दराने देण्याचे कायद्याचे बंधन असताना ते सारे ‘महिन्याच्या पगारातच धरले आहे’ असे ऐकवण्यात येते. साप्ताहिक सुटी पगारी असल्याचे आश्वासन मिळते, आणि महिनाअखेर सुटीचे दिवस हजेरीपटावर खाडे म्हणून चढतात. गणवेश, बूट, ओळखपत्र, नोंदणी अशा ज्या रकमांचा आधी उच्चारही झालेला नसतो, त्या पहिल्याच पगारातून वजा होतात. न समजणाऱ्या इंग्रजी मजकुरावर, प्रसंगी कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात, आणि प्रत मागणाऱ्याला ‘काम नको असेल तर सांग, बाहेर रांग आहे’ असे उत्तर मिळते. काही ठिकाणी तर बँकेचे एटीएम कार्डच मुकादमाच्या खिशात राहते. कागदोपत्री किमान वेतन पूर्ण जमा होते आणि त्यातील हिस्सा रोखीने परत घेतला जातो.

सर्वांत सफाईदार लबाडी भविष्यनिर्वाह निधीच्या हिशेबात दडलेली असते. कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कापावेत आणि तितकीच रक्कम मालकाने पदरची घालावी, असा दंडक आहे. पंधरा हजार रुपयांवर हा हिस्सा प्रत्येकी १,८०० रुपये होतो. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापून घेण्यास १९५२ च्या योजनेने मनाई केली आहे. तथापि जी रक्कम तोंडी ‘पगार’ म्हणून कबूल केली तिच्यातूनच, ‘सीटीसी’ (मालकाला पडणारा एकूण खर्च) या नावाचा आधार घेऊन, दोन्ही हिस्से काढले जातात आणि १,८०० च्या जागी ३,६०० रुपये कमी होतात. कित्येकदा हे कापलेले पैसेही खात्यावर पोहोचत नाहीत, आणि कंत्राटाची मुदत संपून एजन्सीचे नाव पालटले की जुन्या रकमेचा माग काढणे ही त्या गरीब मनुष्याची एकट्याची जबाबदारी होऊन बसते.

मूळ मालक नामानिराळा नाही

‘आम्ही एजन्सीला दरमहा पूर्ण पैसे देतो, ती कामगाराला काय देते हे आम्हांस ठाऊक नाही,’ असे गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, कारखान्याचे व्यवस्थापक आणि सार्वजनिक संस्थांचे अधिकारी एकाच सुरात सांगतात. हे वचन तपासून पाहिले पाहिजे. किमान वेतनाचा दर शासन जाहीर करते; त्यावर भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, राज्य कामगार विम्याचा मालकाचा सव्वातीन टक्के हिस्सा, सुट्यांचा आणि बदली माणसाचा खर्च, आणि एजन्सीचे कमिशन, एवढी बेरीज कोणत्याही हिशेबनीसाला करता येते. ज्या निविदेचा दर या बेरजेच्या खाली आहे ती स्वीकारणाऱ्याने, तूट कोणाच्या पोटातून भरून निघणार हे जाणूनच तिच्यावर सही केलेली असते. कामगाराची फसवणूक मुकादमाच्या तोंडून होत असली तरी तिचा करारनामा पुष्कळदा त्याच्या कितीतरी वर, वातानुकूलित दालनात झालेला असतो. माणूस पसंत करायचा मूळ मालकाने, म्हणजे ज्याचे काम होते त्याने, काम नेमून द्यायचे त्याने, चूक झाली तर ‘उद्यापासून हा नको’ असे फर्मावायचेही त्यानेच, आणि पगाराचा प्रश्न निघाला की मात्र कानांवर हात ठेवायचे, ही वहिवाट नीतीला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही.

कायद्याने काय सांगितले

मध्यस्थाच्या हाती माणसाची भाकरी देण्याचे दुष्परिणाम या प्रदेशाला नवे नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरला, म्हणजे कामगारभरती करणाऱ्या मुकादमाला, दस्तुरी दिल्यावाचून काम मिळत नसे, आणि १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरच्या हातून नोकरभरती काढून घेण्याची शिफारस केली होती. पुढे स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीच्या मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रकरणात, जे काम नित्याचे व उद्योगास आवश्यक आहे तेथील कंत्राट पद्धती बंद करण्याचा लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली कायम केला. आणि त्यानंतर दहा वर्षांनी कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० अस्तित्वात आला. ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते मूळ मालकाने द्यावे व नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे, इतकेच नव्हे तर वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी समक्ष हजर असावा, असे त्या अधिनियमाचे एकविसावे कलम सांगत होते. त्याखालील केंद्रीय नियमांनी कामगाराला रुजू झाल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्ड देण्याचे, आणि वेतनाचे दर, कामाचे तास व पगाराची तारीख स्थानिक भाषेत फलकावर लावण्याचे बंधन घातले होते. अटी लेखी मागणारा कामगार काही उपकार मागत नाही. अर्धशतकाहून अधिक काळ जे त्याच्या हक्काचे आहे तेच तो मागत आहे.

दि. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. कंत्राटी कामगारांसंबंधीचा भाग १९७० च्या मूळ अधिनियमात वीस कामगारांपासून लागू होणारा, तो आता पन्नासांपासून लागू होतो, आणि ही मर्यादा वाढवणे आमच्या मते अनुचित आहे. कारण मर्यादेच्या आडोशाने काय घडते हे मुंबईने पाहिले आहे: तेथील महानगरपालिकेने कचरा उचलण्याची कंत्राटे वीसपेक्षा कमी माणसांच्या तुकड्यांत विभागून दिली, कचरा वाहतूक श्रमिक संघाने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, औद्योगिक न्यायाधिकरणाने ती कंत्राटे केवळ देखाव्याची ठरवली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या निवाड्यावर शिक्कामोर्तब केले. परंतु नव्या संहितांतील काही हक्क कामगारांनी पाठ करून ठेवण्याजोगे आहेत. व्यावसायिक सुरक्षा संहितेने नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. वेतन संहितेने वेतनचिठ्ठी अनिवार्य केली, मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि नोकरी सुटल्यास सर्व येणे दोन कामाच्या दिवसांत चुकते करण्यास सांगितले, आणि वेतन बुडाल्यास ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्यालाही जबाबदार धरले. सुरक्षा रक्षकांसाठी तर महाराष्ट्राचा १९८१ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळही आहे. उणीव कायद्याची थोडी आणि अंमलबजावणीची फार आहे.

दोन आक्षेप

‘एजन्सी नसती तर या मुलांना काम कोणी दिले असते?’ असे विचारले जाते. काम एजन्सी निर्माण करीत नाही. ते फाटक, तो रस्ता, ते यंत्र आधीपासून तेथे असते. माणूस शोधून देण्याची सेवा उपयुक्त असेल तर तिचा मोबदला ज्याला माणूस हवा त्याने द्यावा. दुसरा आक्षेप असा की, कामगार कागद वाचतच नाहीत. जो कागद मराठीत नाही, आणि ज्याची प्रत मागितल्याने काम जाते, तो न वाचल्याचा ठपका कामगारावर ठेवणे अन्यायाचे आहे. शिवाय कागदाची किंमत आपत्तीच्या दिवशी कळते. दि. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला, तेव्हा बेपत्ता माणसांचे नातलग इस्पितळांतून वणवण करीत होते आणि मृतांची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली. अशा वेळी ज्याचे नाव हजेरीपटावर नाही आणि ज्याचा विमा भरलेला नाही, तो तेथे कामाला होता हेच त्याच्या विधवेला सिद्ध करीत बसावे लागते.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक कंत्राटी कामगारास रुजू होण्याच्या दिवशी मराठीत नियुक्तिपत्र मिळावे, आणि त्यात काम, तास, साप्ताहिक सुटी, हाती येणारे वेतन, प्रत्येक कपात आणि मूळ मालकाचे नाव नमूद असावे.

२. ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी प्रत्येक कंत्राटातील वेतनविषयक कलमे, कामगारांची संख्या व कंत्राटाची मुदत हजेरीच्या जागी फलकावर लावावी. एजन्सीशी झालेला करार हाच कामगाराच्या पोटाचा करार आहे. तो त्याच्यापासून लपवण्याचे कारण नाही.

३. ज्या दरात कायदेशीर वेतन व अंशदान भागत नाही ती निविदा, सर्वांत स्वस्त असली तरी, फेटाळावी.

४. देयक मंजूर करण्यापूर्वी निधी व विम्याच्या भरण्याची नावनिशीवार रुजुवात घ्यावी.

५. गृहनिर्माण संस्थांनी एजन्सीचा करारनामा सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.

कामगारांनी व नागरिकांनी काय करावे

कामगार बंधुभगिनींनो, रोजची येण्याजाण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. निधीचे पासबुक उमंग अॅपवर दरमहा पाहा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. बुडालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, म्हणून जुनी बाब गेली असे समजू नका. एकट्याने जाऊ नका. दहाजणांच्या सह्यांचा अर्ज ठाण्याच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जितक्या गांभीर्याने वाचला जातो तितका एकट्याचा वाचला जात नाही. नागरिकांनी आपल्या सोसायटीच्या पुढील सभेत एकच प्रश्न विचारावा: आपण रक्षकापोटी एजन्सीला किती देतो आणि त्यातले त्याच्या हाती किती पडते? सार्वजनिक संस्थांना हाच प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारता येतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, ती निवेदने, सभा आणि हजारोंचे पाठबळ यांच्या जोरावर. लोकमताचे हे सामर्थ्य आजही ओसरलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने १३८ प्रकारची पदे नऊ खाजगी एजन्सींमार्फत भरण्याचा निर्णय काढला, महाराष्ट्रभरच्या तरुणांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि दीड महिन्याच्या आत शासनाला तो रद्द करावा लागला. राज्याचा शासननिर्णय जर मागे घेतला जातो, तर आपल्या शहरातील महानगरपालिकेकडून, कारखान्याकडून आणि आपल्याच सोसायटीकडून एक मराठी नियुक्तिपत्र व एक फलक मिळवणे अशक्य नाही. ते मागा, लेखी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा.

आपला,
एक ठाणेकर नागरिक