उद्यान की संग्रहालय?
संग्रहालय हे ज्ञानाचे साधन आहे, याविषयी दुमत नसावे. तथापि, सार्वजनिक उद्यानात ते उभारण्यास विरोध करणाऱ्या नागरिकांना संस्कृतीचे विरोधक ठरवणे न्याय्य आहे काय? अमेरिकेतील शिकागोचे उदाहरण पाहा. तेथील सरोवराकाठची जमीन कायम मोकळी राहावी, अशी नोंद 1836 च्या नकाशातच होती. तिच्या आधारे माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने ग्रँट पार्कमधील नियोजित फील्ड संग्रहालयास न्यायालयात आव्हान दिले आणि लोकनिंदा सोसून 1909 मध्ये तो खटला जिंकला. संग्रहालयाचे काही अडले नाही. उद्यानाच्या दक्षिणेस, भराव घातलेल्या जमिनीवरील नव्या इमारतीत ते 1921 मध्ये खुले झाले.

याच सरोवराकाठी, वाहनतळाच्या जागी योजलेले लुकास संग्रहालय मात्र नागरिकांच्या दाव्यामुळे 2016 मध्ये शिकागोने गमावले. हे नुकसानच होय. तरीही माझ्या मते ते सोसण्याजोगे आहे. संग्रहालयासाठी दुसरी जागा शोधता येते. बांधकामाखाली गेलेली मोकळी जमीन सहसा परत मिळत नाही. आपल्या गावातील मैदानाची नोंद कोणत्या कागदावर आहे, हे आपण कधी पाहिले आहे काय?