झल्लाकच्या दारी कोल्हापुरी वहाणा

बहारीनच्या पश्चिम किनाऱ्यावरील झल्लाकात राहून ज्या मराठी कुटुंबाला दिवाळीपूर्वी कोल्हापुरी वहाणा ऑनलाइन मागवावयाच्या असतात, त्याला नाव-पत्ता कळविणे क्रमप्राप्तच असते. परंतु एखादा विक्रेता सीपीआर कार्डाच्या, म्हणजे बहारीनच्या ओळखपत्राच्या, दोन्ही बाजूंची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागू लागला, तर ती देण्यास साफ नकार द्यावा. येथील २०१८ चा ३० क्रमांकाचा कायदा, ज्याचा अंमल १ ऑगस्ट २०१९ पासून सुरू झाला, वैयक्तिक माहिती हाताळण्यास संमती किंवा तितकेच सबळ कारण आवश्यक मानतो.

ग्राहकाच्या माहितीपेक्षाही मला अधिक सलतो तो कारागिराच्या हक्काचा प्रश्न. याच वहाणांना २०१९ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि ती नोंद भारताच्या हद्दीपुरतीच असल्याने, जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने त्याच घडणीची पादत्राणे कोल्हापूरचा नामोल्लेख न करता मांडली, तेव्हा ती नोंद तेथे कामी आली नाही, आणि मूळ प्रेरणेची कबुली मिळाली ती केवळ जनक्षोभामुळे. त्यातच या वहाणांवरील चामड्याची हाताने विणलेली वेणी आणि यंत्राने ठसविलेली वेणी मोबाइलच्या पडद्यावर सारखीच दिसते. सबब पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडे कारागिराचे नाव-गाव आणि मानांकनाचा दाखला अवश्य मागावा.