फटफटीचे भवितव्य कोण ठरविणार?

मोटारसायकलचे भवितव्य हा विषय वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांनी आपल्याकडे घेतला आहे. टाकीचा घाट जुन्या वळणाचा असावा की नव्या, कोणती विस्मृत नाममुद्रा पुन्हा अवतरणार, पेट्रोलचे इंजिन किती वर्षे टिकणार, असा काथ्याकूट तेथे चालतो आणि 'ग्राहक ठरवील' या वाक्याने त्याचा समारोप होतो. हे वाक्य निरुपद्रवी दिसते, पण ते खोटे आहे. या देशातील दुचाकीचे रूप ग्राहकाने फारसे कधी ठरविलेच नाही. ते परवान्याने ठरविले, परकीय सहयोगाने ठरविले, करांनी ठरविले. आणि आज ते सरकारी अनुदान ठरवीत आहे.

समाजवादी कार्यकर्त्यालाही हा विषय चैनीचा वाटतो, ही त्याहून खेदाची गोष्ट होय. एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून कर्ज काढून शंभर सी.सी.ची गाडी घेणारा दूधवाला, पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, घरोघर जेवण पोचविणारा तरुण यांपैकी कोणाची चैन चालली आहे? २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. सार्वजनिक वाहतुकीच्या दिवाळखोरीची किंमत कोण मोजतो, ते या आकड्यावरून कळते.

थोडा इतिहास आठवावा. इटलीच्या पियाजिओचा परवाना १९७१ मध्ये संपल्यावर बजाजने आकुर्डीत 'चेतक' काढली. वर्षानुवर्षे नंबर लावून थांबलेल्या ग्राहकाला त्या काळी 'आवड' विचारण्याचा प्रसंगच नव्हता. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यास होंडा, सुझुकी, यामाहा आणि कावासाकी या चार जपानी कंपन्या चार भारतीय घराण्यांचे बोट धरून आल्या. शंभर सी.सी.च्या फोर-स्ट्रोक इंजिनाने पेट्रोल वाचविले, हे मान्य केले पाहिजे. परंतु इंजिनाची विद्या जपानमध्येच राहिली. हीरो आणि होंडा यांची फारकत २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाली, तेव्हा पाव शतक लाखांनी गाड्या विकणाऱ्या कंपनीला स्वतःची संशोधनशाळा उभारण्यापासून आरंभ करावा लागला. उत्पादन करणे आणि शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या भांडवलदारांना सोयीस्करपणे उमजत नाही.

आता जुन्या नावांचा बाजार पाहा. म्हैसूरचा जावा-येझ्दीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ साली 'जावा' हे नाव परत आले, २०२२ मध्ये 'येझ्दी'ही आले. परतले ते नाव आणि टाकीचा घाट. इंजिन निराळे, कारखाना मध्य प्रदेशातील पीथमपूरचा, आणि म्हैसूरच्या कामगाराची आठवण जाहिरातीपुरती. ब्रिटनची नॉर्टन २०२० मध्ये टी.व्ही.एस.ने घेतली तेव्हा साम्राज्याचा सूड उगविल्यासारखा आनंद अनेकांना झाला. नाममुद्रेचे मोल म्हणजे मागील पिढीच्या कामगारांनी कमावलेली पत होय. ती पत विकत मिळते. ती कमावणाऱ्यांचे वारस मात्र त्या व्यवहारात कोठेच नसतात. चाकणच्या बजाज कामगारांनी २०१३ मध्ये सुमारे पन्नास दिवसांचा संप केला. दर कामगारास ५०० समभाग नाममात्र एक रुपया दराने द्यावेत, ही त्यांची एक मागणी होती. तिची यथेच्छ टवाळी झाली आणि संप मागे घ्यावा लागला. ज्यांनी टवाळी केली त्यांना ती मागणी नीट समजली होती, म्हणूनच केली.

खरा पेच मात्र इंजिनाचा आहे. पिस्टन, रिंग, क्रँक, व्हॉल्व्ह, क्लचप्लेट, गिअर या प्रत्येक वस्तूमागे भोसरीतील एखादे लेथ आहे, कोल्हापूरच्या फौंड्रीतील ओतकाम आहे आणि तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला मिस्त्री आहे. विजेच्या मोटारीला यांतील बहुतेक भाग लागत नाहीत. २०२० मध्ये भारत-सहा प्रदूषण मानके आली, कार्ब्युरेटर गेला आणि संगणकनियंत्रित इंजेक्शन आले. मिस्त्रीच्या हातचा पहिला घास तेव्हाच हिरावला गेला. विजेच्या गाडीत तर बिघाड शोधण्याची किल्ली कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. गाडी ग्राहकाची, पण तिचे पोट उघडण्याचा अधिकार कंपनीचा!

याचा अर्थ विजेला विरोध करावा असा नव्हे. शहरांची हवा आणि तेलाची आयात ध्यानात घेता वीज आली पाहिजे. प्रश्न असा की ती कोणाच्या पैशाने येते आणि कोणत्या अटींवर. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या दुचाकींत विजेच्या गाड्या सुमारे ६ टक्के होत्या, त्याही बहुतांशी स्कूटर. हा सहा टक्क्यांचा बाजारदेखील मुख्यतः सरकारने उभा केला: २०१९ पासून 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्याचे दहा हजार कोटी, ते संपल्यावर 'पी.एम. ई-ड्राइव्ह'चे १०,९०० कोटी. सुटे भाग देशात बनविण्याची अट मोडली म्हणून २०२३ मध्ये सात कंपन्यांकडून ४६९ कोटी रुपये परत मागण्याची पाळी सरकारवर आली. आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदांच्या चुंबकांवर निर्यातनिर्बंध घातले, तेव्हा आपल्या 'स्वदेशी' विद्युत स्कूटरींचे उत्पादन अडखळले. जपानचे इंजिन गेले, चीनचे चुंबक आणि बॅटरीचे सेल आले. चाळीस वर्षांत परावलंबनाचा फक्त पत्ता बदलला.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यापुढील गाड्यांवर ४० टक्के बसला. यापुढील काही वर्षे इंजिने ३५० सी.सी.च्या अलीकडे गर्दी करतील आणि त्यालाच 'तरुणांची बदलती अभिरुची' म्हटले जाईल!

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्या कंपनीने सार्वजनिक अनुदान घेतले, तिने दुरुस्तीची साधने व माहिती कोणत्याही मिस्त्रीला वाजवी दरात दिलीच पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पण ऐच्छिक संकेतस्थळाने हा हक्क मिळत नसतो. बॅटरीचे मानक एकच हवे, म्हणजे एका कंपनीची गाडी घेणारा तिचा आजन्म कूळ होणार नाही. आय.टी.आय.मध्ये गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचे वर्ग हवेत आणि त्या काळाचा भत्ता हवा. अनुदान घेणाऱ्या कारखान्यात कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी कामगार नको. आकुर्डीत २००७ मध्ये उत्पादन थांबले आणि २०२२ मध्ये तेथेच विजेच्या चेतकचा नवा कारखाना उघडला; त्यात कायम नोकऱ्या किती, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी जाहीरपणे विचारावा.

अशा अटी घातल्या तर कारखाने दुसऱ्या राज्यात जातील, हे उत्तर ठरलेलेच आहे. होसूर आणि कृष्णगिरी यांची नावे त्यासाठी तयार असतात. परंतु अनुदानाची मोठी रक्कम दिल्लीहून येते, महाराष्ट्राच्या किंवा तामिळनाडूच्या तिजोरीतून नव्हे. अट तेथेच, अनुदानाच्या आदेशात घातली तर पळून जाण्यास दुसरे राज्य उरत नाही.